वाचकांचे प्रश्न : गिटारच्या गदारोळातले नाटक

या वेळच्या टपालात रॉक म्युझिकलविषयी, म्हणजे रॉक संगीतात गायल्या जाणाऱ्या संगीत नाटकांविषयी, बरीच पत्रे आली आहेत. काही वाचक अशा प्रयोगाला पहिल्यांदाच जाणार आहेत, तर काही जाऊन आले आहेत आणि थोडे भांबावले आहेत. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र करून आणि पत्रे थोडी आटोपशीर करून उत्तरे देत आहे.

प्रश्न : मी नाटके भरपूर पाहिली आहेत आणि तरुणपणी रॉक संगीतही आवडीने ऐकले आहे, पण दोन्ही एकत्र कधी अनुभवलेले नाही. लवकरच एका रॉक म्युझिकलच्या प्रयोगाला जाण्याचा योग आहे. हे नाटक समजून जावे की मैफल समजून? गाणी आधी ऐकून जावीत का?

नाटक समजूनच जावे. मैफलीत एखाद्या गाण्याचे शब्द निसटले तरी काही बिघडत नाही. गाणे आपल्याला पाठ असते, नाहीतर ठेक्यावर समाधान होते. रॉक म्युझिकलमध्ये मात्र गाणे हीच घटना असते. गाणे सुरू होताना पात्र ज्या मनःस्थितीत असते, त्या मनःस्थितीत ते गाणे संपताना नसते. तीन-चार मिनिटांत कोणीतरी घर सोडायचे ठरवलेले असते, कोणाचा तरी विश्वास उडालेला असतो किंवा कोणी प्रेमात पडलेले असते. ही गोष्ट गिटार आणि ड्रमच्या आवाजाखाली दडून राहिली, तर पुढच्या अर्ध्या तासाचे नाटक अधांतरी लोंबकळते. म्हणून शब्द पकडणे हे प्रेक्षकाचे पहिले काम. अंगावर येणारा नाद आपोआप येतोच, त्यासाठी वेगळे काही करावे लागत नाही.

हा प्रकार फार जुना नाही. रॉक अँड रोल १९५०च्या दशकातच लोकप्रिय झाले होते, पण व्यावसायिक संगीत रंगभूमीने त्याला बराच काळ उंबरठ्यावरच ताटकळत ठेवले. व्हिएतनाम युद्धाला विरोध करणाऱ्या लांब केसांच्या तरुणांचे ‘हेअर’ १९६७च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कमध्ये एका लहान नाट्यगृहात आले, १९६८च्या एप्रिलमध्ये ब्रॉडवेवर, म्हणजे त्याच शहरातल्या मोठ्या व्यावसायिक रंगभूमीवर गेले आणि तेथे त्याचे १,७५० प्रयोग झाले. त्यानंतर रॉकचे रंगमंचाशी असलेले नाते पक्के झाले. संगीतकार अँड्र्यू लॉइड वेबर आणि गीतकार टिम राइस यांचे येशू ख्रिस्ताच्या अखेरच्या दिवसांवरचे ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’ तर १९७० साली आधी ध्वनिमुद्रिकांच्या रूपात निघाले आणि १९७१ मध्ये ब्रॉडवेवर आले. ‘द हू’ या बँडची १९६९ची ‘टॉमी’ ही ध्वनिमुद्रिका ब्रॉडवेवर पोहोचायला १९९३ साल उजाडले, आणि ‘ग्रीन डे’ या बँडच्या २००४च्या ‘अमेरिकन इडियट’चे नाटक २०१० मध्ये तेथे आले.

हा इतिहास सांगण्याला एक व्यावहारिक कारण आहे. जी म्युझिकल आधी ध्वनिमुद्रिका म्हणून जन्मली, तिच्यात बोलके संवाद जवळजवळ नसतात. सगळा मजकूर गाण्यातच असतो. कान जरा इकडे तिकडे झाला की कथेचा दुवा सुटतो, आणि तो जोडून देणारे गद्य वाक्य पुढे येत नाही. आपण जे पाहणार आहात ते या जातीचे असेल, तर पहिल्या अंकाचे कथानक वाचून जावे आणि चार-पाच मुख्य पात्रांची नावे व नाती डोक्यात ठेवावीत. दुसऱ्या अंकाचे कथानक मात्र वाचू नये, कारण एवढी उत्सुकता प्रेक्षकाने स्वतःसाठी राखून ठेवलीच पाहिजे. ज्यात गाण्यांइतकेच संवाद आहेत, अशा म्युझिकलला कोरी पाटी घेऊन गेलात तरी चालेल.

गाण्यांचे म्हणाल, तर दोन-तीन ऐकावीत आणि बाकीची प्रयोगासाठी ठेवावीत, असे माझे मत आहे. संपूर्ण ध्वनिमुद्रिका घोटून जाणारा प्रेक्षक नाट्यगृहात बसून प्रत्येक ओळ ताडून पाहतो. स्टुडिओत शांतपणे बेतलेला समतोल आणि धावत-पळत, जिना चढत गाणाऱ्या नटाचा आवाज यांची तुलना करत राहतो, आणि समोर घडणारे त्याला दिसेनासे होते. उलट एकही सूर ओळखीचा नसेल, तर एक मोठी गंमत हातची जाते. ती म्हणजे परतून येणारी चाल. ‘सुपरस्टार’मध्ये मेरी मॅग्डालीन पहिल्या अंकात एक संथ गाणे गाते, या माणसावर, म्हणजे जीझसवर, प्रेम कसे करावे हेच कळत नाही, असा त्याचा आशय आहे. दुसऱ्या अंकात, आत्महत्येपूर्वी, जीझसला पकडून देणारा त्याचा शिष्य ज्यूडास त्याच शब्दांनी आणि त्याच चालीत सुरुवात करतो. चाल तीच, शब्द तेच, पण ती जिच्या तोंडी कोवळी होती तिच्याऐवजी आता विश्वासघात केलेल्या माणसाच्या तोंडी येते. पहिले गाणे लक्षात असणाऱ्याच्या अंगावर येथे काटा येतो; नसणाऱ्याला हे केवळ आणखी एक दुःखी गाणे वाटते.

जाता जाता, ताल धरण्याची सवय असणाऱ्यांसाठी एक गोष्ट. याच म्युझिकलमध्ये मेरी जिथे जीझसला शांत करू पाहते ते गाणे पाच मात्रांचे आहे आणि देवळातल्या बाजाराचा प्रवेश सात मात्रांचा. रॉक म्हणजे चार मात्रांची धडधड एवढाच समज असेल, तर मांडीवर बोटे वाजवून पाहावीत.

प्रश्न : एका गाजलेल्या रॉक म्युझिकलचा प्रयोग पाहिला. गायन, बँड, प्रकाशयोजना सगळे उत्तम होते, पण निम्मे शब्द कळलेच नाहीत. शेजारचे लोक मात्र बरोबर जागी हसत होते. दोष माझ्या इंग्रजीचा की माझ्या कानाचा?

बहुधा दोहोंचाही नाही. आपल्याला शब्द कळतो तो मुख्यतः व्यंजनांमुळे. स्वर ठसठशीत असतात, त्यामुळे गायकाची चाल आपल्याला कितीही गोंगाटात ऐकू येते. पण स, फ, त, क यांसारखी व्यंजने मुळात क्षीण असतात आणि त्यांची ओळख पटवणारा ध्वनी बराचसा दोन हजार ते चार हजार हर्ट्झच्या टापूत आणि त्याच्याही वर असतो. डिस्टॉर्शन लावलेली, म्हणजे आवाज मुद्दाम खरखरीत केलेली, इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रमच्या झांजा नेमका हाच टापू भरून टाकतात. परिणामी गाणे ऐकू येते, पण शब्दांच्या कडा विरघळतात. मातृभाषेत ऐकणाऱ्यालाही हा त्रास होतोच. तो फक्त संदर्भावरून गाळलेल्या जागा लवकर भरतो. आणि आपले शेजारी? अशा नाटकांना पुन्हा पुन्हा येणारे चाहते असतात, त्यांना ओळी पाठ असतात. त्यांच्या हसण्यावरून स्वतःची परीक्षा घेऊ नये.

नाट्यगृहातले लोक या अडचणीशी रोज झगडत असतात. ड्रमवादकाला पुष्कळदा पारदर्शक प्लॅस्टिकच्या खोलीत कोंडतात, काही ठिकाणी तर थेट दुसऱ्याच खोलीत बसवतात, म्हणजे त्याचा आवाज किती सोडायचा हे मिक्सरवर, सगळे आवाज कमी-जास्त करणाऱ्या यंत्रावर, ठरवता येते. वादक एकमेकांना कानातल्या इअरफोनमधून ऐकतात. संगीत-संचालक अनेकदा कीबोर्ड वाजवता वाजवताच इशारे देतो. त्याच्यावर कॅमेरा रोखलेला असतो आणि बाल्कनीच्या कठड्यावर लावलेल्या पडद्यावर नटांना तो दिसत राहतो. पुढच्या वेळी मध्यंतरात मागे वळून त्या कठड्याकडे पाहा. गाताना नटांची नजर मधूनच वर का जात होती ते लक्षात येईल.

सर्वांत पाहण्यासारखे काम असते ते मिक्सरवर बसलेल्या माणसाचे. प्रत्येक मुख्य नटाच्या केसांच्या रेषेजवळ तांदळाच्या दाण्याएवढा माइक लपवलेला असतो. दहा नट रंगमंचावर असतील तर दहाही माइक उघडे असतील असे आपल्याला वाटते, पण तसे नसते. दोन नट समोरासमोर उभे राहिले की एकाचा आवाज दोघांच्या माइकमध्ये किंचित पुढे-मागे शिरतो आणि पोकळ, डब्यातून आल्यासारखा होतो. शिवाय उघडा राहिलेला प्रत्येक माइक बँडचा गलका आत ओढतो. म्हणून मिक्सरवरचा माणूस संहिता समोर उघडून ओळीगणिक माइक उघडतो आणि मिटतो. नायिकेची ओळ आली की मिक्सरवरची तिच्या माइकची सरकपट्टी वर, तिचा शेवटचा शब्द संपता संपता खाली, आणि त्याच क्षणी दुसऱ्या बोटाने नायकाची वर. पूर्ण प्रयोगभर हे चालते. एखाद्या वाक्याचा पहिला शब्दच गिळला गेला असे वाटले, तर पुष्कळदा नटाने तो नीट उच्चारलेला असतो. बोट अर्धा क्षण उशिरा हललेले असते.

आता आपण काय करावे? पहिली दहा मिनिटे कानाला सरावू द्यावीत आणि घाबरून जाऊ नये. गाणाऱ्याच्या तोंडाकडे पाहावे. ओठांच्या हालचालीवरून आपण समजतो त्यापेक्षा पुष्कळ कळते. आणि एक रचनेतली खूण ध्यानात ठेवावी : ध्रुवपद पुन्हा पुन्हा येणार असते, बातमी अंतऱ्यात असते. लोक ध्रुवपदाला सरसावून बसतात आणि अंतऱ्याला सैल होतात. रॉक म्युझिकलमध्ये नेमके उलटे करावे. काही प्रयोगांना रंगमंचाच्या बाजूला शब्द दाखवणारी पाटी असते. असे प्रयोग कमी ऐकू येणाऱ्यांसाठी म्हणून ठेवलेले असले तरी परभाषेतले नाटक पाहणाऱ्याने तेथे जाण्यात काहीच कमीपणा नाही.

एवढे सगळे करूनही शब्द बुडाले, तर मात्र दोष नाटकवाल्यांचाच आहे. शेवटी सगळे प्रेक्षागृह उभे राहून टाळ्या वाजवत होते, हा त्यावरचा बचाव होऊ शकत नाही.

प्रश्न : तिकीट काढताना पहिली रांग घ्यावी, मधली की बाल्कनी?

नेहमीच्या नाटकाचा हिशेब येथे पूर्ण लागू पडत नाही. पहिल्या दोन रांगांत नटाच्या गळ्याची शीर दिसते, घाम दिसतो, हे खरे. पण मुख्य स्पीकर तुमच्या डोक्यावरून मागच्या लोकांकडे रोखलेले असतात. तुमच्यासाठी रंगमंचाच्या कडेला छोटे स्पीकर ठेवलेले असतात आणि बँड रंगमंचावरच असेल तर ड्रमचा कच्चा आवाज थेट तुमच्यावर आदळतो. थोडक्यात, तेथे नाद जास्त आणि शब्द कमी. ‘रेंट’ १९९६ मध्ये ब्रॉडवेवर आले तेव्हा पहिल्या दोन रांगांतील खुर्च्या प्रयोगाच्या दिवशीच वीस डॉलरला विकण्याची प्रथा निर्मात्यांनी सुरू केली, आणि त्यासाठी तरुण मुले नाट्यगृहाबाहेर तासन्‌तास रांगा लावू लागली. नाटक ज्या कफल्लक तरुणांचे होते त्यांच्यासारख्यांना ते पाहता यावे, हा त्यामागचा विचार होता. त्यांतल्या बऱ्याच जणांना ते तोंडपाठ होते, त्यामुळे शब्द निसटण्याची त्यांना धास्ती नव्हती. पहिल्यांदा जाणाऱ्याची गोष्ट वेगळी आहे.

पहिल्यांदा जाणाऱ्याने तळमजल्यावर मध्यभागी, दहाव्या रांगेच्या आगेमागे बसावे. आणखी एक युक्ती सांगतो : मिक्सर कुठे आहे ते आसनांच्या नकाशावर पाहावे. तो बहुधा तळमजल्यावर मागच्या बाजूला असतो, आणि मिक्सरवरचा माणूस स्वतःच्या कानाला जे पटेल तेच सर्वांना देत असतो; त्याच्या पुढच्या एक-दोन रांगांत बसणाऱ्याला साधारण तेच ऐकू येते. मात्र याच भागावर बाल्कनीचे छत खूप खाली उतरलेले असेल, तर ती जागा टाळावी. तेथे वरचे स्पीकर पोहोचत नाहीत, छताला लावलेल्या लहान स्पीकरवर भागवावे लागते आणि नेपथ्याचा वरचा मजलाही कापला जातो. रॉक म्युझिकलमध्ये लोखंडी मनोरे, जिने आणि वरचे सज्जे यांची चलती असते, त्यामुळे हे नुकसान बारीकसारीक नसते.

बाल्कनीची पहिली रांग ही माझी दुसरी पसंती. तेथून नृत्याची आकृती आणि प्रकाशाचे झोत अख्खे दिसतात, जे खालून कधीच दिसत नाहीत. अगदी कडेच्या, स्पीकरच्या भिंतीसमोरच्या खुर्च्या स्वस्त मिळाल्या तरी घेऊ नयेत.

प्रश्न : माझे वय सत्तरच्या पुढे आहे आणि मी श्रवणयंत्र वापरतो. नातवंडे आग्रह करत आहेत. एवढा मोठा आवाज सोसेल का?

अडीच तासांच्या प्रयोगात आवाज सतत टिपेला नसतो; शांत प्रवेश असतात, मध्यंतर असते. तरीही प्रमाण माहीत असावे. कामाच्या ठिकाणच्या गोंगाटासाठी अमेरिकेतील ‘नायोश’ या संस्थेने आठ तासांना सरासरी ८५ डेसिबल ही मर्यादा सुचवली आहे, आणि त्यापुढे दर ३ डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मा होतो : ९१ डेसिबलला दोन तास, १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटे. मनोरंजनाच्या ठिकाणांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये पंधरा मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये असे सांगितले आहे. म्हणजे आवाज किती मोठा एवढेच नव्हे, तो किती वेळ तसा राहतो हेही पाहायचे असते. 

श्रवणयंत्र लावणाऱ्यांसाठी बऱ्याच नाट्यगृहांत लूपची (आवाज बिनतारी थेट श्रवणयंत्रात पोहोचवणाऱ्या तारेच्या वेटोळ्याची) किंवा इन्फ्रारेड हेडफोनची सोय असते. त्यातून मिक्सरवरचा आवाज थेट कानात येतो, सभागृहातला घुमारा मध्ये येत नाही, आणि शब्द शेजाऱ्यापेक्षाही स्वच्छ ऐकू येऊ शकतात. ही सोय आहे का, आणि आपल्या यंत्राशी जुळते का, हे तिकीट काढण्याआधी फोन करून विचारावे. ज्यांना श्रवणयंत्र नाही पण मोठ्या आवाजाचा त्रास होतो, त्यांनी फोमचे साधे बोळे नेण्याऐवजी संगीतकार वापरतात तसे गाळणीचे इअरप्लग न्यावेत. फोम उंच पट्टीचे ध्वनी अधिक दाबतो, म्हणजे आधीच क्षीण असलेली व्यंजनेच नेमकी मारतो. गाळणीचे प्लग सगळा आवाज सारखा कमी करतात. कानाचा एखादा विकार चालू असेल, तर डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

प्रश्न : गाणे आवडले तर वन्समोर मागता येतो का? उभे राहून नाचता येते का? सोबत गाता येते का?

मागून पाहावा, मिळणार नाही. गाणे संपते त्या क्षणी पुढच्या प्रवेशाचा प्रकाश, सरकते नेपथ्य आणि बँडच्या कानातला ठोका हे सगळे रंगमंच-व्यवस्थापकाच्या इशाऱ्यांच्या माळेत ओवलेले असते. मधला मणी पुन्हा फिरवता येत नाही. भरपाई शेवटी होते. अभिवादनाच्या वेळी बँड एखादे गाणे पुन्हा वाजवतो, तेव्हा मनसोक्त उभे राहावे. ‘हेअर’मध्ये तर शेवटी प्रेक्षकांनाच रंगमंचावर नाचायला बोलावण्याचा प्रघात पडला.

टाळीविषयी एवढेच सांगता येईल की गाणे ठाशीव ठोक्यावर संपले आणि नट क्षणभर थिजून उभा राहिला, तर तो टाळीसाठीच थांबलेला असतो. गाणे विरत विरत पुढच्या संवादात मिसळले, तर हात आवरावेत. सोबत गाणे मात्र नको. शेजाऱ्याने तिकीट नटाला ऐकण्यासाठी काढलेले असते, आणि शब्द आधीच एवढ्या कष्टाने ऐकू येत असताना त्यांवर आपला आवाज चढवणे हा अन्याय आहे. ज्या प्रयोगात प्रेक्षकांनी गावे अशी जाहिरातच केलेली असते तो अपवाद, आणि ‘द रॉकी हॉरर शो’ हा सर्वांत मोठा अपवाद. १९७३ साली लंडनच्या एका छोट्या माडीवरच्या नाट्यगृहात सुरू झालेल्या या म्युझिकलवर १९७५ मध्ये चित्रपट निघाला, त्याच्या मध्यरात्रीच्या खेळांना प्रेक्षक पडद्याला उत्तरे देऊ लागले आणि ती खोड नाटकाच्या प्रयोगांतही शिरली. तेथे गप्प बसणाराच परका ठरतो.

प्रश्न : एकोणिसाव्या शतकात घडणाऱ्या म्युझिकलची चित्रफीत पाहिली. जुन्या काळचे कपडे घातलेला शाळकरी मुलगा अचानक हातात माइक घेऊन गाऊ लागला. हा निष्काळजीपणा नाही का?

आपण बहुधा ‘स्प्रिंग अवेकनिंग’विषयी लिहीत आहात. फ्रँक व्हेडेकिंड या जर्मन नाटककाराच्या १८९१च्या नाटकावर आधारलेली ही म्युझिकल २००६ मध्ये ब्रॉडवेवर आली. त्या प्रयोगातील हा माइक मुद्दाम दिलेला आहे. वर्गात मुले ताठ बसली आहेत, मास्तर लॅटिन पाठ म्हणवून घेत आहेत, चूक झाली की छडी बसते आहे. आणि मध्येच एक मुलगा कोटाच्या आतल्या खिशात हात घालून माइक बाहेर काढतो. प्रकाश बदलतो, गिटार सुरू होते. संवाद एकोणिसाव्या शतकात राहतात आणि गाणी मुलांच्या मनात घडतात. त्या मनाला काळाचे बंधन नाही. म्हणूनच गाणे संपल्यावर माइक पुन्हा खिशात जातो आणि मुलगा पुन्हा मास्तरांपुढे मान खाली घालतो. मला स्वतःला या प्रकारातली ही सर्वांत बोलकी योजना वाटते, कारण माइक लपवायचा कसा या नेहमीच्या चिंतेतून सुटून तिने माइकलाच नाटकातले काम दिले.

हीच नजर इतर प्रयोगांनाही लावून पाहावी. ‘रेंट’मधील नटांच्या गालावर माइक उघडे दिसत, रॉक गायकांच्या असतात तसे. ‘हेडविग अँड द अँग्री इंच’मध्ये नाटकाचे रूपच एका बँडच्या कार्यक्रमाचे आहे, समोरचा गायक आपल्याशी थेट बोलतो आणि दोन गाण्यांच्या मध्ये स्वतःचे आयुष्य सांगतो. माइक कुठे दिसतो आणि कुठे लपतो यावरून दिग्दर्शकाने आपल्याला काय मानले आहे, मैफलीचा श्रोता की रंगमंच आणि प्रेक्षक यांच्यामधल्या कल्पित चौथ्या भिंतीआडून पाहणारा, हे ओळखता येते.

प्रश्न : बारा वर्षांच्या मुलीला सोबत न्यावे का?

रॉक म्युझिकल म्हणजे मुलांची गंमत, हा समज काढून टाकावा. या प्रकाराने जन्मापासूनच वर्ज्य मानल्या गेलेल्या विषयांना हात घातला आहे. ब्रिटनमध्ये १७३७ पासून नाटकांवर चालत आलेले सरकारी परिनिरीक्षण १९६८च्या सप्टेंबरमध्ये संपले, आणि दुसऱ्याच दिवशी लंडनमध्ये ‘हेअर’ सुरू झाले. नग्नता आणि अमली पदार्थ यांमुळे त्याआधी त्याला परवाना मिळणे अवघड होते. ‘रेंट’मध्ये पुच्चीनीच्या ‘ला बोएम’ या ऑपेरातील क्षयाची जागा एड्सने घेतली आहे. ‘स्प्रिंग अवेकनिंग’मध्ये आत्महत्या आणि गर्भपात आहे. २०१० चे नाटकाचे पुलित्झर पारितोषिक मिळालेले ‘नेक्स्ट टू नॉर्मल’ एका आईच्या मानसिक आजाराभोवती फिरते. ही नाटके वाईट आहेत असे नाही. बारा वर्षांची मुलगीही आईबापांशी नंतर बोलणार असेल तर त्यांतले पुष्कळ काही पेलू शकते. पण नाट्यगृहाने दिलेली वयाची सूचना वाचून, कथा आपण आधी समजून घेऊन मगच ठरवावे. लखलखणाऱ्या दिव्यांची सूचना असेल आणि मुलीला फिट्सचा त्रास असेल, तर तेथे मात्र धोका पत्करू नये.

हलके काही हवे असेल तर २०१५चे ‘स्कूल ऑफ रॉक’ योग्य ठरेल. त्यात मुलेच गिटार, ड्रम आणि कीबोर्ड रंगमंचावर प्रत्यक्ष वाजवतात, आणि बारा वर्षांच्या प्रेक्षकाला त्याहून मोठे आमिष नाही.

प्रश्न : हे सगळे खरोखर तिथल्या तिथे गायले जाते की आधी ध्वनिमुद्रित असते?

मुख्य गायन आणि बँड प्रत्यक्ष असतात. काही निर्मितींत समूहाचे जादा आवाज किंवा एखादे वाद्य मुद्रित करून खाली भरलेले असते, आणि त्याच्याशी जुळण्यासाठी वादकांच्या कानात ठोका चालू असतो. नट जोरात नाचत असताना कोरस अजिबात दमलेला वाटला नाही, तर शंका घ्यायला जागा आहे.

प्रश्न : कार्यक्रमपत्रिकेत एक चिठ्ठी सापडली, की आज मुख्य भूमिका दुसरा नट करील. मी फसवला गेलो का? पैसे परत मागावेत का?

ब्रॉडवेवर असा रिवाज आहे की ज्या नटाचे नाव नाटकाच्या नावाच्याही वर छापलेले आहे तोच गैरहजर असेल तर तिकीट बदलून किंवा पैसे परत मिळू शकतात. इतर भूमिकांसाठी मिळत नाहीत. इतरत्र नियम निरनिराळे आहेत, ते तिकिटावर वाचावेत.

पण मागण्याआधी थोडा विचार करावा. या प्रकारातली गाणी घशाला सोलून काढतात आणि आठवड्याला आठ प्रयोग हा तेथील नेम आहे. एकच गळा वर्षभर एकही सुट्टी न घेता ते ओढू शकत नाही. म्हणून प्रत्येक भूमिकेला बदली नट तयार ठेवलेले असतात, आणि समूहातल्या अनेक जागा पाठ असणारे काही नट तर रोज बाहेर बसून असतात. सायंकाळी फोन आला की त्यांनी रात्री कोणाच्याही जागी उभे राहायचे. मूळ नटाचा आवाज ध्वनिमुद्रिकेवर ऐकून तुम्ही गेला असाल, तर बदली नटाची पहिली ओळ परकी वाटेल. तरी थांबावे. त्याला प्रेक्षकांनी आधी कधी ऐकलेले नाही हे त्याला ठाऊक असते, आणि म्हणून तो शब्द अधिक स्पष्ट टाकतो, असे माझे निरीक्षण आहे. पहिल्यांदाच हे नाटक पाहणाऱ्याला त्या रात्री कदाचित गाजलेल्या नटापेक्षा जास्त कथा कळेल.